राजाच्या पोटात दुखलं आणि हटनचे दोनशे पौंड गेले

मंडळी, पोस्ट लांब आहे. येत्या सुट्टीसाठी ज्यांनी क्रूझचं बुकिंग केलंय किंवा करायच्या विचारात आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी नुसता इतिहास म्हणून वाचली तरी चालेल. गोष्ट १९०२ सालची आहे, इंग्लंडची आहे, पण तिचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो.

राणी व्हिक्टोरिया जानेवारी १९०१ मध्ये गेली. तिचा मुलगा सातवा एडवर्ड गादीवर आला आणि त्याच्या राज्याभिषेकाची तारीख ठरली २६ जून १९०२. आधीचा राज्याभिषेक १८३८ सालचा, म्हणजे चौसष्ट वर्षांत लंडनने असा सोहळा पाहिलेलाच नव्हता. २६ आणि २७ तारखेला रस्त्यावरून मिरवणुका, आणि २८ ला पोर्ट्समथजवळ स्पिटहेडच्या खाडीत सगळ्या आरमाराची राजाकडून पाहणी. जगभरातून पाहुणे निघाले. जयपूरच्या सवाई माधोसिंह महाराजांनी तर ‘ऑलिम्पिया’ नावाची अख्खी बोट भाड्याने घेतली आणि प्रवासाला पुरेल एवढं गंगाजल चांदीच्या अवाढव्य कलशांत भरून नेलं. ते कलश आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये बघायला मिळतात. याच सोहळ्यासाठी आपले शाहू महाराजही विलायतेला गेले होते. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. ठरलेल्या राज्याभिषेकानंतर बरोबर एका महिन्याने निघालेला, आणि महाराज तेव्हा विलायतेतच होते.

तर झालं असं, की सोहळ्याला दोन दिवस उरले असताना, २४ जूनला, राजाच्या पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं. अपेंडिक्सचा त्रास. सर फ्रेडरिक ट्रीव्हज या सर्जनने बकिंगहॅम राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली. त्या काळात या दुखण्यात माणूस वाचेल याची खात्री कुणी देत नव्हतं. राजा वाचला, ९ ऑगस्टला राज्याभिषेकही झाला आणि १६ ऑगस्टला आरमाराची पाहणीसुद्धा. पण जूनमधलं सगळं रद्द.

आता विचार करा, ज्यांनी मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या खिडक्या भाड्याने घेतल्या होत्या त्यांचं काय? ज्यांनी बोटी ठरवल्या होत्या त्यांचं काय? विसार दिलेला, उरलेली रक्कम देणं बाकी, आणि बघायचं होतं तेच नाही. हे सगळे लोक कोर्टात गेले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे खटले आजही ‘कॉरोनेशन केसेस’ म्हणून शिकवतात. मला त्यातला बोटीचा खटला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आजच्या क्रूझच्या पावतीवर खाली बारीक अक्षरात जे छापलेलं असतं त्याचं मूळ तिथे दिसतं.

हर्न बे हे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथल्या स्टीमबोट कंपनीची ‘सिंथिया’ नावाची बोट होती. हटन नावाच्या माणसाने ती २८ आणि २९ जूनसाठी ठरवली, २५० पौंडांना. त्याला काही एकट्याने फिरायचं नव्हतं. तो माणसं गोळा करून नेणार होता, म्हणजे आजच्या भाषेत टूर ऑपरेटरच. ५० पौंड आगाऊ दिले, उरलेले २०० बोट हर्न बेहून सुटण्याआधी द्यायचे. करारात हेतूही लिहिला होता: आरमाराची पाहणी बघण्यासाठी आणि आरमाराभोवती दिवसभराच्या सफरीसाठी.

पाहणी रद्द झाल्याचं जाहीर झालं तेव्हा कंपनीने हटनला तार केली. बोट तयार आहे, काय करायचं ते कळवा, उरलेले पैसे पाठवा. हटन गप्प. मग कंपनीने त्या दोन दिवसांत बोट आपल्या नेहमीच्या फेऱ्यांना लावली आणि नंतर दावा केला: २०० पौंड द्या, त्यातून आम्ही त्या दोन दिवसांत कमावलेला नफा वजा करा.

अपील कोर्टाने १९०३ मध्ये निकाल दिला तो कंपनीच्या बाजूने. कारण काय? राजा आला नाही हे खरं, पण आरमार तिथेच नांगर टाकून उभं होतं! पाहणी नाही तर नाही, आरमाराभोवती सफर तर करता आली असती ना? त्या करारातल्या ‘आणि’ या एका शब्दाने हटनचा घात केला. शिवाय न्यायमूर्तींचं म्हणणं असं, की माणसं गोळा करून नफा कमवायचा हा हटनचा धंदा, त्यातली जोखीमही हटनची. बोटवाला काही त्याचा भागीदार नव्हता.

गंमत पुढे आहे. त्याच कोर्टाने त्याच सुमाराला दुसरा निकाल अगदी उलटा दिला. क्रेल नावाच्या माणसाचं पॉल मॉल रस्त्यावर घर होतं. खिडकीत पाटी लावलेली, मिरवणूक बघण्यासाठी जागा भाड्याने मिळेल. हेन्री नावाच्या माणसाने दोन दिवसांसाठी, फक्त दिवसा, ७५ पौंडांना ती ठरवली आणि २५ आगाऊ दिले. कागदावर मिरवणुकीचा उल्लेखसुद्धा नव्हता. तरी कोर्ट म्हणालं, दोघांनाही माहीत होतं की ही जागा कशासाठी घेतलीय, मिरवणूकच करारापाठचा प्राण होता, ती गेली तर करारही गेला. हेन्रीने उरलेले ५० पौंड द्यायचे नाहीत. म्हणजे ज्याच्या कागदावर सोहळा स्पष्ट लिहिलेला होता त्याला पैसे भरावे लागले, आणि ज्याच्या कागदावर अक्षरही नव्हतं तो सुटला.

कोर्टाने यासाठी घोडागाडीचं उदाहरण दिलं होतं. डर्बीच्या शर्यतीच्या दिवशी एप्समला जायला कुणी वाढीव भाड्याने गाडी ठरवली आणि शर्यत झालीच नाही, तरी भाडं द्यावं लागेल. आपल्याकडचं बघा. सांगलीच्या कुस्तीच्या मैदानाला जायला चौघांनी जीप ठरवली. पावसाने मैदान रद्द. जीपवाला सकाळी दारात हजर. त्याचं भाडं बुडवाल? बहुतेक जण नाही बुडवणार. पण २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ज्यांची लग्नं होती त्यांना विचारा मंगल कार्यालयाच्या विसाराबद्दल. कार्यालयाची इमारत जागेवरच होती, पण लग्न करता येत नव्हतं. तिथे आपल्याला हेन्रीचा न्याय हवा असतो. एकाच माणसाला दोन दिवशी दोन न्याय बरोबर वाटतात, आणि यात ढोंग नाही. प्रश्न एवढाच असतो की समोरच्याने विकलं काय: गाडी, की सोहळा?

क्रूझ कंपन्यांनी याचं उत्तर कधीच ठरवून टाकलंय. त्या तुम्हाला सोहळा दाखवून विकतात आणि कागदावर गाडी लिहून देतात. जाहिरातीत सँटोरिनीचा सूर्यास्त, अटींत मात्र ‘मार्ग आणि बंदरं पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात’. जहाज एखाद्या बंदराला लागलंच नाही तरी जहाज तर चाललंच, जेवण मिळालं, केबिन मिळाली. आरमार नांगर टाकून उभं होतं, तसंच हे.

आता हेन्रीचं पुढे काय झालं? त्याचे ५० पौंड वाचले, पण दिलेले २५ परत मिळाले नाहीत. अपिलात त्याने तो हक्क सोडून दिला. आणि १९०४ चा चँडलर विरुद्ध वेब्स्टर हा खटला तर आणखी कडू. तिथेही मिरवणूक बघायला जागा घेतलेली, भाडं १४१ पौंड १५ शिलिंग, त्यातले १०० दिलेले. कोर्ट म्हणालं, करार संपला तो राजा आजारी पडल्याच्या क्षणापासून पुढे. त्याआधी दिलेले परत नाहीत, आणि त्याआधी देणं लागत होते तेही भरा. म्हणजे १०० बुडाले ते बुडाले, वर ४१ पौंड १५ शिलिंग द्यायचे. हा नियम इंग्लंडात १९४२ पर्यंत टिकला. युद्धामुळे पोलंडला न पोचलेल्या यंत्रांच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो मोडला आणि १९४३ साली कायदाच झाला.

या चँडलरच्या निकालात धंद्यासाठी केवढा मोठा धडा होता बघा. पैसे आधी घ्या, पूर्ण घ्या. संकट आलं तेव्हा रक्कम ज्याच्या खिशात, तो जिंकला. समोरच्याने भांडत बसावं. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी ‘फायनल पेमेंट’ मागतात, मग दिवस जवळ येतील तसा रद्द करण्याचा आकार चढत चढत शेवटी पूर्ण रकमेवर जातो, त्यामागे केबिन रिकामी जाण्याची खरी भीती असते हे मी मान्य करतो. शेवटच्या आठवड्यात रिकामी झालेली केबिन विकणं सोपं नाही. पण विकली गेली तर? कंपनीने नफा वजा करायचा की नाही? १९०२ च्या हर्न बे कंपनीने तो स्वतःहून वजा केला होता. आजच्या किती पावत्यांवर तसं लिहिलेलं असतं, तुम्हीच बघा.

इथे आपल्याला जरा मान ताठ करायला जागा आहे. आपला करार कायदा १८७२ चा. राजा आजारी पडायच्या तीस वर्षं आधीचा. त्याचं कलम ५६ सांगतं की घडणं अशक्य झालेला करार रद्दबातल होतो, आणि कलम ६५ सांगतं की करार रद्दबातल झाला तर ज्याला त्यातून फायदा मिळाला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. त्या कलमाखाली कायद्यानेच एक दाखला दिलाय. एका गायकाने मैफलीसाठी हजार रुपये आगाऊ घेतले आणि तो आजारी पडला, गाऊ शकला नाही. आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायला नको, पण घेतलेले हजार रुपये परत करायचे. गायक आजारी काय आणि राजा आजारी काय! लंडनच्या चँडलरला जो न्याय मिळाला नाही तो त्याच साम्राज्याच्या मुंबईत कागदावर तयार होता. ज्या इंग्रजांनी तो कायदा इथे केला, त्यांना स्वतःच्या देशात तसा करायला आणखी सत्तर वर्षं लागली.

कलम ७४ ही त्याच जातीचं. करार मोडला तर अमुक रक्कम दंड, असं कागदावर लिहिलेलं असलं तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यापासून हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. एजंट जेव्हा म्हणतो ना, ‘साहेब, अटींतच आहे शंभर टक्के, आम्ही काय करणार’, तेव्हा त्याला कलम ७४ हा आकडा नुसता सांगून बघा. आवाज थोडा खाली येतो, हा स्वानुभव.

पण समुद्रावर गोष्ट अवघड होते, कारण कोणता कायदा आणि कुठलं कोर्ट हेच आधी ठरवावं लागतं. दोन खटले सांगतो.

१६ फेब्रुवारी १९८६. ‘मिखाईल लेर्मोंतोव’ नावाचं सोव्हिएत क्रूझ जहाज सिडनीहून चौदा दिवसांच्या सफरीवर होतं. न्यूझीलंडच्या मार्लबरो साउंड्स भागात ते खडकावर आपटलं आणि बुडालं. डिलन नावाच्या प्रवासी बाईंनी दावा केला. न वापरलेल्या दिवसांचं भाडं कंपनीने परत दिलं होतं. बाई म्हणाल्या, सगळंच भाडं परत द्या, सुट्टीचा आनंद मिळालाच कुठे? ऑस्ट्रेलियाचं हाय कोर्ट १९९३ मध्ये म्हणालं, आठ दिवस तर तुम्ही मजेत घालवलेत, त्यामुळे पूर्ण भाडं परत मागता येणार नाही. मात्र आनंदासाठीच विकलेल्या प्रवासात पदरी मनस्ताप पडला, त्याची वेगळी भरपाई मिळेल. मला हा निकाल आवडतो. इथे कोर्टाने उघडपणे ओळखलं की क्रूझ कंपनी नुसती गाडी विकत नाही, सोहळाच विकते. आणखी एक गोष्ट त्या खटल्यात झाली. जबाबदारी मर्यादित करणाऱ्या अटी तिकिटावर होत्या, पण तिकीट हातात पडण्याआधीच करार झालेला होता. त्या अटी बाईंवर बांधील नाहीत, असं न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयांत ठरलं.

अमेरिकेत याच्या उलटं झालं. वॉशिंग्टन राज्यातल्या शूट दांपत्याने ‘कार्निव्हल’ कंपनीचं तिकीट काढलं, लॉस एंजेलिसहून मेक्सिकोला जाणारं. जहाजाचं स्वयंपाकघर बघताना बाई घसरून पडल्या. तिकिटावर छापलेलं होतं की दावा फ्लोरिडातच करायचा. देशाचं एक टोक आणि दुसरं टोक. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कंपनीची अट उचलून धरली. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी एक फार नामी काम केलं. त्यांनी निकालपत्राला त्या तिकिटाची जशीच्या तशी प्रतच जोडली, वाचणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं की अक्षर केवढं बारीक आहे. आणि दाखवून दिलं की त्याच तिकिटात न वापरलेल्या तिकिटाचा परतावा नाही असंही कलम होतं. म्हणजे अटी वाचल्या, पटल्या नाहीत, तरी परत करायची सोय नाही.

आता बोटीवरच्या पैशांकडे येतो. पूर्वी आगबोटीवर पर्सर नावाचा अधिकारी असायचा, पैशाअडक्याचं सगळं त्याच्याकडे. आता रोख रक्कम जवळजवळ कुठेच चालत नाही. चढताना क्रेडिट कार्ड नोंदवायचं किंवा रोख ठेव भरायची, मग केबिनची चावी असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं. कॉफी, फोटो, वायफाय, सहल, सगळं त्या खात्यावर. वर रोजची माणशी टिप आपोआप चढत राहते. फ्रान्सच्या क्लब मेड या सुट्टीच्या गावांत बारमधले पैसे गळ्यातल्या माळेचे मणी देऊन भागवायची पद्धत होती. तत्त्व तेच. नोट हातातून जाताना जे बोचतं ते मणी किंवा कार्ड देताना बोचत नाही. डेबिट कार्ड नोंदवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, कंपनी खर्चाआधीच रक्कम अडवून ठेवते आणि उतरल्यावरही ती सुटायला काही दिवस लागू शकतात. तोवर खात्यात पैसे दिसतात पण वापरता येत नाहीत.

नावं लपवण्यातली लबाडीही जुनी आहे. अमेरिकेत क्रूझच्या जाहिरातीत भाडं कमी दाखवायचं आणि ‘पोर्ट चार्जेस’ या नावाखाली वेगळी रक्कम लावायची पद्धत होती. वाचणाऱ्याला वाटे सरकारी कर असेल. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग बंदराला जातच नव्हता. १९९७ मध्ये फ्लोरिडाच्या अॅटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांना हे थांबवावं लागलं.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? आपल्या इथल्या पाच कुटुंबांनी गेल्या वर्षी परदेशातली एक क्रूझ केली. गावातल्याच एजंटाकडून. एका बंदरात वारा एवढा होता की जहाज लागलंच नाही. तिघांनी जहाज कंपनीकडूनच किनाऱ्यावरची सहल घेतली होती, त्यांचे पैसे बिनबोभाट बोटीवरच्या खात्यात परत आले. त्यातल्या एकाने मात्र ती सहल बुकिंगबरोबर मिळालेल्या फुकटच्या क्रेडिटमधून घेतलेली, ते क्रेडिट रोखीत निघत नाही. शेवटच्या रात्री काकूंनी तीन अत्तराच्या बाटल्या आणि कुणालाच न होणारं एक जॅकेट घेतलं. उरलेल्या दोन कुटुंबांनी स्वस्त पडते म्हणून एजंटामार्फत बाहेरच्या कंपनीची सहल घेतली होती. ती कंपनी म्हणते, आमची बस धक्क्यावर उभी होती, तुम्ही आला नाहीत, ‘नो-शो’, शंभर टक्के कापणार. एजंट काखा वर करतो. एकशे वीस वर्षांपूर्वीची तार वाचल्यासारखं वाटलं मला: बोट तयार आहे, उरलेले पैसे पाठवा.

माझं मत सांगतो. बसवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, त्याची बस खरंच उभी होती. पण ही सहल ‘जहाजाच्या प्रवाशांसाठी’ म्हणूनच विकलेली होती. पावतीवर जहाजाचं नाव आहे, लागण्याची वेळ आहे. जहाज लागणं हाच त्या कराराचा पाया होता हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. माझ्या हिशेबी हा हटनचा नाही, हेन्रीचा खटला आहे. आणि आपल्याकडे हेन्रीच्या पुढे जाऊन कलम ६५ आहे. परदेशी कंपनी म्हणेल आम्हाला तुमचा कायदा लागत नाही. म्हणू दे. पैसे घेतले ते गावातल्या एजंटाने, पावती त्याची, शिक्का त्याचा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दोन गोष्टी दिल्यात. झालेल्या नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लावणारा करार ‘अनुचित करार’ ठरू शकतो, त्याची दाद राज्य आयोगाकडे मागता येते. आणि सेवेतल्या कमतरतेची तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात करता येते. शूट बाईंसारखं फ्लोरिडा गाठायला नको. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्या दिवसापासून.

अमेरिकेच्या फेडरल मेरिटाइम कमिशनने करोनानंतर, २०२२ मध्ये, नियम केला की सफर रद्द झाली किंवा तीन दिवस वा जास्त पुढे ढकलली तर प्रवाशाला परताव्याचा हक्क आहे. चुकलेल्या बंदराबद्दल त्या नियमात काही नाही. तिथे अजून ज्याच्या त्याच्या पावतीवरच सगळं आहे.

त्या दोन कुटुंबांचा अर्ज तयार आहे, रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसून शेवटचा हात फिरवणार आहोत. असाच कुणाचा परतावा अडकला असेल तर बुकिंगची पावती, पैसे दिल्याचा पुरावा आणि अटींचा कागद घेऊन या. अटी तुम्हाला पैसे भरण्याआधी दाखवल्या की नंतर मेलवर आल्या, ती तारीखही शोधून ठेवा.